अ‍ॅपच्या टॅक्सीला अपघात झाला तर: नाशिकमध्ये दवाखाना, पोलीस, विमा आणि कोर्ट यांतून वाट काढताना

फेब्रुवारी २०२३ मधली गोष्ट. आई आणि मी पहाटेच्या रेल्वेने नाशिकरोडला उतरलो, अ‍ॅपवरून टॅक्सी बोलावली आणि गंगापूर रोडला घरी निघालो. उपनगर नावाच्या भागाच्या अलीकडे दुभाजकाच्या फटीतून एक टेम्पो आडवा आला आणि आमची गाडी त्याच्या मागच्या कोपऱ्यावर आदळली. मला कपाळाला चार टाके पडले. आईचं उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं. आई तेव्हा ५८ वर्षांची होती आणि २५ वर्षं घरी ब्लाउज शिवत होती. उजवं मनगट गेलं म्हणजे तिचा धंदाच गेला.

भरपाईचा निकाल लागायला अडीच वर्षं गेली. मी वकील नाही, शाळेत शिकवते. पण त्या अडीच वर्षांत एक गोष्ट पक्की कळली: पहिल्या दोन दिवसांत कागदावर काय लिहिलं जातं, त्यावर पुढचा सगळा दावा उभा राहतो. आमच्या एका कागदावर एक शब्द चुकीचा पडला आणि तो दुरुस्त करायला दोन महिने गेले. तुमचे ते दोन महिने वाचावेत म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

१. रस्त्यावरचा पहिला तास

आधी माणसं बघा. ११२ वर फोन करा, रुग्णवाहिकेसाठी १०८. मदतीला थांबलेल्या माणसाला "तुम्ही पोलिसांच्या लफड्यात अडकणार नाही" हे सांगता आलं पाहिजे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ नुसार जखमीला मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही. आम्हाला मदत केली ती दूध घेऊन निघालेल्या एका काकांनी. त्यांनीच पुढे साक्षही दिली. अशा माणसाचा नंबर मिळाला तर घेऊन ठेवा, पण बळजबरी करू नका.

मे २०२५ पासून अपघातातल्या जखमींसाठी केंद्राची कॅशलेस उपचार योजना आहे. नेमलेल्या रुग्णालयात अपघातापासून ७ दिवसांपर्यंत, माणशी दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार त्यात होतात. दाखल होतानाच "रस्ता अपघात आहे, कॅशलेस योजनेत नोंद घ्या" असं स्पष्ट सांगा.

अंगात बळ असेल, किंवा सोबत कोणी धडधाकट असेल, तर गाड्या हलवण्याआधी फोटो काढा:

– सगळ्या गाड्यांच्या नंबरप्लेट, रंग नीट दिसेल असे. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं म्हणजे भाड्याची गाडी, पांढरी पाटी म्हणजे खासगी. विजेवरच्या भाड्याच्या गाडीची पाटी हिरवी आणि अक्षरं पिवळी असतात.
– गाड्या जशा थांबल्या तशा, आजूबाजूच्या दुकानाची पाटी किंवा खांब दिसेल असा एक लांबून.
– टायरचे घसरल्याचे वण, फुटलेली काच, दुभाजकाची फट.

आणि सगळ्यात आधी अ‍ॅप उघडून राईड चालू असल्याचा स्क्रीनशॉट घ्या. राईडचा क्रमांक, चालकाचं नाव, गाडीचा नंबर, वेळ, नकाशावरची जागा हे सगळं एका चित्रात मिळतं. थोड्या वेळाने चालक राईड "पूर्ण" करतो किंवा ती रद्द होते, आणि मग तो पडदा परत दिसत नाही.

आमच्या चालकाने गाडीतून उतरल्यावर पहिलं वाक्य काय म्हटलं असेल? "ताई, ओळखीच्या आहात म्हणून सोडायला चाललो होतो असं सांगा ना. नाहीतर माझं काही खरं नाही." अ‍ॅपवरचा फोटो वेगळ्या माणसाचा होता आणि गाडी चालवणारा वेगळा. दुसऱ्याच्या आयडीवर तो पोरगा गाडी चालवत होता. त्याच्या डोक्यातूनही रक्त येत होतं. आईला त्याची दया आली, ती "सांगूया गं" म्हणालीसुद्धा.

असं कधीही सांगू नका. एकदा "ओळखीचे" म्हटलं की तुम्ही भाडं देऊन बसलेले प्रवासी राहत नाही. अ‍ॅपचा प्रवास विमा तिथेच हातचा जातो आणि गाडीच्या विमा कंपनीला वाद घालायला आयतं कारण मिळतं. दया करायचीच असेल तर त्याला दवाखान्यात न्या, आम्ही नेलं. जबाब मात्र खराच द्यायचा.

याच्याच जातीचा दुसरा सापळा अपघाताच्या आधीचा आहे. "राईड कॅन्सल करा, रोख द्या, तेवढ्याच पैशात सोडतो." नाशिकरोड स्टेशनबाहेर, मुंबई नाक्यावर, ओझरच्या विमानतळावर हे रोज ऐकू येतं. राईड रद्द झाली की अ‍ॅपच्या लेखी तो प्रवास झालेलाच नसतो.

२. दवाखान्यात: एमएलसीवर काय लिहिलंय ते वाचा

अपघाताचा रुग्ण आला की रुग्णालय वैद्यकीय-कायदेशीर नोंद करतं. तिला सगळे एमएलसी म्हणतात. त्यात "दुखापत कशी झाली" अशी एक ओळ असते. स्ट्रेचर ढकलणारा, रिक्षावाला, शेजारी, जो कोणी पुढे असेल तो सांगतो आणि ड्युटीवरचा डॉक्टर लिहितो.

आईच्या कागदावर लिहिलं गेलं: "मोटारसायकल अपघात". कोणी सांगितलं, कधी सांगितलं, आजतागायत माहीत नाही. आम्ही तो कागद नीट वाचला अकराव्या दिवशी. तोवर तो पोलिसांकडे पोचला होता. एफआयआरमध्ये टॅक्सी, एमएलसीमध्ये मोटारसायकल. विमा कंपनीच्या वकिलाने पुढे नेमकं यावरच बोट ठेवलं. रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांना लेखी अर्ज, सोबत एफआयआरची प्रत आणि राईडचा स्क्रीनशॉट, असे तीन हेलपाटे घातल्यावर दुरुस्तीचं पत्र मिळालं.

म्हणून दाखल झाल्यावर, पहिल्या दिवशीच, ही ओळ वाचा. तिथे असावं: "अ‍ॅपवरून बोलावलेल्या टॅक्सीतून प्रवास करताना, टेम्पोशी धडक", गाडीचा नंबर, वेळ, जागा. खासगी दवाखान्यात गेलात तरी एमएलसी करायला लावा. "किरकोळ आहे, कशाला पोलिसांच्या भानगडीत पडता" असं कोणी म्हटलं तरी ऐकू नका. किरकोळ वाटलेलं हाड महिनाभराने मोडलेलं निघतं.

औषधांची बिलं पातळ गुळगुळीत कागदावर येतात आणि वर्षभरात कोरी होतात. प्रत्येकाची लगेच झेरॉक्स काढा, मूळ बिल त्यालाच टाचून ठेवा.

३. पोलीस ठाण्यात

ज्या हद्दीत अपघात झाला ते ठाणे. शहरात उपनगर, मुंबई नाका, आडगाव, अंबड वगैरे ठाणी आयुक्तालयाखाली येतात. इगतपुरीचा घाट, त्र्यंबकेश्वर किंवा ओझर म्हणजे नाशिक ग्रामीण. हद्दीवरून टोलवाटोलवी झाली तर शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून घ्यायला सांगा, तो पुढे योग्य ठाण्याला पाठवला जातो. जखमी माणूस जबाब देण्याच्या स्थितीत नसेल तर नातेवाईक किंवा प्रत्यक्षदर्शी फिर्याद देऊ शकतो. एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते.

जबाबात ही वाक्यं आलीच पाहिजेत: अमुक अ‍ॅपवरून राईड बुक केली, राईड क्रमांक हा, भाडं इतकं, मागच्या सीटवर बसलो होतो, दोन्ही गाड्यांचे नंबर हे. वेग किती होता हे माहीत नसेल तर अंदाजाने आकडा सांगू नका. सही करण्यापूर्वी पूर्ण वाचा, किंवा वाचून दाखवायला सांगा.

दोन गाड्या धडकल्या की दोघेही चालक एकमेकांवर ढकलतात. प्रवाशाने यात न्यायनिवाडा करायची गरज नाही. दोघांच्याही निष्काळजीपणाने अपघात झाला असेल तर प्रवाशाला पूर्ण भरपाई दोघांपैकी कोणाकडूनही वसूल करता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये स्पष्ट केलं आहे. तुम्ही जे पाहिलं तेवढंच सांगा.

एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांनुसार तपास अधिकाऱ्याने ४८ तासांत पहिला अपघात अहवाल, ५० दिवसांत अंतरिम अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाला, म्हणजे अपघाताच्या भरपाईचे दावे चालवणाऱ्या कोर्टाला, द्यायचा असतो. त्यांच्या प्रती पीडिताला मिळायला हव्यात. आपणहून कोणी आणून देईल अशी वाट पाहू नका. लेखी अर्ज करा, पोच घ्या. यांशिवाय घटनास्थळ पंचनामा, वाहनांचा तपासणी अहवाल आणि आपल्याकडे ज्याला "कॉम्प एए" म्हणतात तो फॉर्म मागा. त्या एका फॉर्मवर मालक, चालक, परवाना, विमा पॉलिसी असा सगळा तपशील असतो.

त्याच अर्जात आजूबाजूच्या कॅमेऱ्यांचं चित्रण जप्त करण्याची विनंती लिहा. दुकानातल्या कॅमेऱ्याचं जुनं चित्रण काही दिवसांत आपोआप पुसलं जातं. आमच्या बाबतीत एका बेकरीच्या कॅमेऱ्यात टेम्पो वळताना दिसत होता. आम्ही चौथ्या दिवशी गेलो म्हणून मिळालं.

४. पैसे तीन ठिकाणांहून येतात, ते वेगवेगळे मागायचे

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. लोक अ‍ॅपच्या कंपनीला मेल करत बसतात आणि कोर्टाची मुदत संपते.

पहिलं ठिकाण म्हणजे ज्या गाड्यांनी अपघात केला त्यांचा थर्ड पार्टी विमा. तो प्रत्येक गाडीला सक्तीचा आहे. मोठी भरपाई इथूनच येते आणि ती मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातून मागायची असते.

दुसरं म्हणजे अ‍ॅपच्या कंपनीने राईडपुरता घेतलेला प्रवाशांचा विमा. रक्कम मर्यादित, पण लवकर मिळण्यासारखी.

तिसरं तुमचं स्वतःचं: मेडिक्लेम, वैयक्तिक अपघात विमा, नोकरीच्या ठिकाणचा गट विमा, बँकेच्या कार्डावरचा किंवा खात्याला जोडलेला अपघात विमा. वर्षाला २० रुपये कापले जाणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना खात्यावर चालू असेल, तर मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी तिचाही दावा होतो. पासबुकात ते २० रुपये कापलेले दिसतात का बघा.

एक घेतलं म्हणून दुसरं जात नाही. "मेडिक्लेममधून बिल मिळालं ना, मग कोर्टातून तेवढं वजा" असं आम्हालाही ऐकवलं गेलं. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने निकाल दिला की मेडिक्लेमची रक्कम वैद्यकीय खर्चाच्या भरपाईतून वजा करता येत नाही, कारण ती तुम्ही हप्ते भरून कमावलेली असते. आमच्या वकीलबाईंनी तो निकाल लगेच दाखल केला.

मेडिक्लेमला मूळ बिलं लागतात आणि कोर्टातही मूळच मागतात. मेडिक्लेमकडे पाठवण्याआधी रुग्णालयाच्या सही-शिक्क्याच्या प्रती काढून घ्या. मेडिक्लेमला कळवायची मुदत पॉलिसीत असते, बऱ्याचदा दाखल झाल्यापासून २४ तास. तेवढा एक फोन पहिल्याच दिवशी करा.

५. अ‍ॅपच्या विम्याचा दावा

अ‍ॅपमध्ये त्या राईडवर जाऊन सुरक्षा किंवा अपघात या पर्यायातून तक्रार नोंदवा. नुसत्या चॅटवर भरवसा ठेवू नका, ईमेलही करा. ईमेलमध्ये तीन मागण्या असाव्यात: विमा पॉलिसीची प्रत आणि विमा कंपनीचं नाव द्या, दाव्याचा अर्ज द्या, राईडची जीपीएस नोंद, वेळा आणि चालकाची माहिती जपून ठेवा, ती पुसू नका. तिसरी मागणी कोर्टासाठी आहे. पुढे गरज पडली तर न्यायाधिकरणामार्फत ती नोंद मागवता येते.

उत्तरात बहुतेक वेळा "आम्ही फक्त मध्यस्थ आहोत" असं येतं. त्यावर वाद घालत बसू नका, पॉलिसीची प्रत पुन्हा मागा. आम्हाला पाचव्या ईमेलला मिळाली. दाव्याला एफआयआर, एमएलसी, डिस्चार्ज कार्ड, बिलं, राईडची पावती आणि ओळखपत्र लागलं. चालक दुसऱ्याच्या आयडीवर होता हा आक्षेपही आला. आमचं उत्तर एका ओळीचं होतं: राईड तुमच्या अ‍ॅपवर, आमच्या नावाने, चालू होती. आक्षेप मागे घेतला गेला.

मेडिक्लेमसारख्या स्वतःच्या पॉलिसीचा दावा नाकारला गेला तर आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत समाधान झालं नाही तर विमा लोकपाल. नाशिकसाठी त्यांचं कार्यालय पुण्याला आहे. फी नाही, वकील लागत नाही. ग्राहक आयोगाचा रस्ताही आहे, तिथे मुदत दोन वर्षांची. मात्र समोरच्या गाडीच्या थर्ड पार्टी विम्याची भांडणं इथे नेऊ नका, त्यासाठी न्यायाधिकरणच.

६. गाडीची कुंडली काढा

एम-परिवहन अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकला की नोंदणी, विम्याची मुदत, फिटनेस दिसतं. त्याच दिवशी स्क्रीनशॉट घ्या. नाशिकमध्ये अ‍ॅपवर चालणाऱ्या गाड्या सगळ्या एमएच १५, म्हणजे नाशिकच्या नोंदणीच्या, नसतात, मुंबई-ठाण्याच्या पुष्कळ असतात. घाबरू नका, मालक कुठलाही असला तरी दावा नाशिकमध्ये करता येतो. तुम्ही जिथे राहता, जिथे अपघात झाला किंवा जिथे समोरचा राहतो, यांपैकी जागा निवडायचा हक्क तुमचा.

विमा कंपनी जबाबदारी टाळायला दोन मुद्दे हमखास काढते. एक, चालकाकडे व्यावसायिक वाहनाचा वेगळा शेरा नव्हता. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ठरवलं आहे की हलक्या वाहनाच्या परवान्यावर ७,५०० किलोपर्यंतचं प्रवासी किंवा मालवाहू वाहन चालवता येतं. टॅक्सी त्यात बसते. आमच्या खटल्यात हा आक्षेप घेतला होता, तो या निकालाने निकालात निघाला.

दुसरा मुद्दा अवघड आहे: पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने चालवली. पॉलिसीच्या अटीचा भंग झाला असं कंपनी म्हणते. अशा वेळी अनेकदा न्यायाधिकरण "आधी पीडिताला पैसे द्या, मग मालकाकडून वसूल करा" असा आदेश देतं, पण दरवेळी मिळेलच असं गृहीत धरू नका. पांढऱ्या पाटीच्या दुचाकीवर मागे बसून जाणाऱ्यांनी हे जास्त लक्षात ठेवावं. दुचाकीची पॉलिसी फक्त सक्तीची थर्ड पार्टी असेल तर मागे बसणाऱ्याच्या बाबतीत मोठा वाद होतो. राईड आली की बसण्याआधी पाटीचा रंग बघायला दोन सेकंद लागतात.

समोरची गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तर मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये अशी सरकारी योजना आहे. पण तुम्ही टॅक्सीत होता आणि टॅक्सीचालकाचीही चूक होती, तर टॅक्सीच्या विम्यावर दावा करता येतो. नुसत्या ५० हजारांवर थांबू नका.

७. वकील

दवाखान्याच्या व्हरांड्यात आम्हाला एक गृहस्थ भेटले. "केस आमच्याकडे द्या, खर्च शून्य, आलेल्या रकमेत २० टक्के आमचे." कोऱ्या वकीलपत्रावर आणि दोन कोऱ्या कागदांवर सह्या मागत होते. मी थकले होते, पेन हातात घेतलंही होतं. आई म्हणाली, "कोऱ्या कागदावर मी कापडसुद्धा कापत नाही, आधी खुणा करते." सही राहिली.

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार वकिलाला दाव्याच्या रकमेत वाटा ठरवून फी घेता येत नाही. फी किती, कधी, खर्च वेगळा का, हे आधी लिहून घ्या. कोऱ्या कागदावर सही कोणालाच देऊ नका.

सीबीएस म्हणजे मध्यवर्ती बस स्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, दिव्यांग आणि कामगार यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. बाकीच्यांसाठी उत्पन्नाची मर्यादा आहे. हेल्पलाइन १५१००. आईला स्त्री म्हणून मिळाला. एक साधा अर्ज, आधार कार्ड, एफआयआरची प्रत. "फुकटचा वकील काय लक्ष देणार" असं नातेवाइकांनी ऐकवलं. आमच्या वकीलबाईंनी प्रत्येक तारखेला आईला आधी फोन केला.

८. न्यायाधिकरणात अर्ज: सहा महिने

एप्रिल २०२२ पासून कायद्यात अपघाताच्या दिवसापासून सहा महिन्यांची मुदत आहे. पोलिसांचा सविस्तर अहवालही दावा म्हणून धरता येतो, पण त्याच्यावर विसंबू नका. उपचार संपायची वाट पाहू नका. अर्ज आधी दाखल करा, पुढची बिलं नंतर जोडता येतात. व्याजही साधारण अर्जाच्या तारखेपासून धरतात, म्हणून उशीर म्हणजे थेट नुकसान.

फाइलमध्ये हे लागतं:

– एफआयआर, पंचनामा, कॉम्प एए फॉर्म, दोषारोपपत्र आलं असेल तर तेही
– एमएलसी, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे आणि अहवाल, सगळी बिलं क्रमाने, तारीखवार यादीसह
– दोन्ही गाड्यांची आरसी, विमा, परमिट, चालकांचे परवाने
– राईडचा स्क्रीनशॉट, पावती, ईमेल
– वयाचा पुरावा, आधार, पॅन, बँकेचं पासबुक
– उत्पन्नाचा पुरावा
– मृत्यू झाला असेल तर मृत्यू दाखला, शवविच्छेदन अहवाल, वारसांची कागदपत्रं

दोन्ही गाड्यांचे मालक, चालक आणि विमा कंपन्या, सगळ्यांना प्रतिवादी करा. एकाला सोडलं की उरलेले त्याच्यावर ढकलतात.

९. उत्पन्न आणि अपंगत्व: रक्कम इथे ठरते

आईकडे ना पगाराची पावती, ना आयकराचं विवरण. होती ती मापांची वही. वर्षाला एक, लांब पानांची. प्रत्येक पानावर बाईचं नाव, छाती, कंबर, बाही, गळ्याची खोली, खाली "अस्तर आणलंय" किंवा "शुक्रवारी पाहिजे", आणि कोपऱ्यात शिलाई, त्याच्यावर गोल म्हणजे पैसे आले. वकीलबाईंनी तीन वर्षांच्या वह्या मागितल्या. फोनवर आलेले पैसे त्या तारखांशी जुळवले. दोन गिऱ्हाइकांनी येऊन साक्ष दिली. महिन्याला १२ हजार धरले गेले. तुम्ही भाजी विकत असाल, शिकवण्या घेत असाल, डबे देत असाल, तर तुमच्याकडेही अशी एखादी वही असेल. ती जपा.

अपंगत्वाचं प्रमाणपत्र त्र्यंबक रोडवरच्या सिव्हिल हॉस्पिटलच्या मंडळाकडून किंवा उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून घेता येतं. जखम पूर्ण भरून हालचाल कायमची कुठे अडते ते कळल्यावरच जा. आईला १५ टक्के मिळालं. पण सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितलं आहे की शरीराचं अपंगत्व आणि कमाईचं नुकसान हे दोन वेगळे आकडे आहेत. १५ टक्के मनगटाने कारकुनाचं फारसं अडत नाही. शिवणारीचं अडतं. बाही जोडताना उजव्या हाताने कापड मशिनच्या पायाखाली फिरवत न्यावं लागतं आणि आईचं मनगट तिथेच अडकायचं, टाका सरळ पुढे निघून जायचा. डॉक्टरांनी साक्षीत हे सांगितलं. आईने न्यायाधीशांसमोर कापडाचा तुकडा फिरवून दाखवला. कमाईचं नुकसान २५ टक्के धरलं गेलं.

हिशोब असा होतो. १२ हजार, त्यात स्वतःचा धंदा करणाऱ्या ५० ते ६० वयाच्या माणसासाठी भविष्यातल्या वाढीचे १० टक्के, म्हणजे १३,२००. वर्षाचे १,५८,४००. वर्षाच्या कमाईला वयानुसार ठरलेल्या एका आकड्याने गुणतात, त्याला गुणक म्हणतात. ५६ ते ६० वयासाठी गुणक ९, म्हणजे १४,२५,६००. त्याचे २५ टक्के ३,५६,४००. १५ टक्केच धरले असते तर २,१३,८४०. याशिवाय उपचार, वेदना, सोबतीला राहणाऱ्याचा खर्च, येण्याजाण्याचा खर्च वेगळा. वय कमी असेल तसा गुणक वाढतो, ३१ ते ३५ साठी तो १६ आहे. डॉक्टर साक्षीला आले नाहीत तर नुसतं प्रमाणपत्र फार उपयोगी पडत नाही, हे आधीच विचारून ठेवा.

१०. तडजोडीचा कागद

मध्येच विमा कंपनीकडून फोन येतो. चूक सिद्ध न करता मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख अशी कायद्यात सोय आहे. हाड मोडणं गंभीर दुखापतीत येतं. पैसे लवकर मिळतात, गरज असेल तर वाईट नाही. पण ती रक्कम स्वीकारली की न्यायाधिकरणातला मोठा दावा संपतो. "पूर्ण आणि अंतिम" असे शब्द असलेल्या कागदावर वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका.

लोकअदालतीत तडजोड करायला हरकत नाही, आकडा पटला तर. तिथल्या निवाड्यावर अपील नसतं. वरच्यासारखा हिशोब घरी करून जा, मग समोरचा आकडा कमी की रास्त ते कळतं.

निकालानंतर पैसे थेट खात्यात येतात, काही भाग मुदत ठेवीत ठेवायचा आदेश असू शकतो. खातं पीडिताच्या एकट्याच्या नावाचं, पॅन जोडलेलं असू द्या.

११. तुम्ही टॅक्सी चालवत असाल तर

गाडी तुमच्या नावावर असेल तर पॉलिसीत मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा आहे का बघा. केंद्राच्या जुलै २०२५ च्या मार्गदर्शक सूचनांत अ‍ॅप कंपन्यांनी चालकांना किमान ५ लाखांचा आरोग्य विमा आणि १० लाखांचा मुदत विमा द्यावा असं म्हटलं आहे. कंपनीकडे तो लेखी मागा. दुसऱ्याची गाडी पगारावर चालवत असाल तर कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याखाली (नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली आहे) मालकाविरुद्ध दावा करता येतो, मुदत दोन वर्षं. न्यायाधिकरण आणि हा रस्ता, दोन्हींपैकी एकच निवडायचा.

आमचा चालक जून २०२४ मध्ये साक्षीला आला होता. डोक्यावरची जखम भरली होती, पण गुडघा वाकत नव्हता. त्याला वाटत होतं की चूक त्याची, आयडी दुसऱ्याचा, म्हणजे त्याला काहीच मिळणार नाही. आईने त्याला बाकावर शेजारी बसवलं, डब्यातली पोळी दिली, आणि मी त्याला विधी सेवा प्राधिकरणाची खोली दाखवली. मुदत संपायला अजून आठ महिने होते.